बंबावरची पाटी

माझं डोकं पटकन तापतं. दुसऱ्यांच्या गाड्या थंड ठेवणारा माणूस स्वतः असा, म्हणून गिऱ्हाइकं हसतात. हसू देत बापडी. संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यावर वडिलांनी थाटलेलं रेडिएटरचं दुकान मी इतकी वर्षं चालवतोय, आणि ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, कारखान्याचे ड्रायव्हर, सगळ्यांनी माझी बोलणी खाल्लीत. एकाच माणसावर मी कधी आवाज चढवला नाही. ते म्हणजे डॉक्टरसाहेबांचे ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. लोकांना वाटायचं, मी वयाचा मान राखतो. मान कसला डोंबलाचा! मी त्यांना घाबरत होतो. का घाबरत होतो ते कुणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती.

गेल्या चैत्रात काका सकाळीच गाडी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. काळी अँबॅसिडर, डॉक्टरसाहेबांनी तरुणपणी कोरी घेतलेली. साहेबांनी जाताना ती मुलांना न देता ड्रायव्हरच्या नावावर केली. काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. अजूनही रोज सकाळी बॉनेट उघडून आतलं सगळं फडक्यानं पुसतात. साहेब होते तेव्हा गुरुवारी शिर्डी, सणावाराला पुणतांब्याची सासुरवाडी, महिन्यातून दोनदा पुणं, सगळीकडे हीच गाडी धावायची. आणि टपरीवर असोत, लग्नात असोत, काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कंपनीनं दिलेली हरेक वस्तू अजून माज्याकडं हाय. एक सोडून."

लोक विचारायचे, एक कुठली हो? काका उत्तर देत नसत. मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं ती कुठली, आणि ती कुठे आहे तेही.

"मिस्त्री," काका म्हणाले, "पुन्याला जुन्या गाड्यांचं परदर्शन हाय. आपली गाडी घेतो म्हनलेत. रंग झाला, शिटा झाल्या. ह्ये तेवढं ऱ्हायलं." त्यांनी बॉनेट उघडलं. "कंपनीतनं आलं तवा जसं दिसत हुतं, तसं दिसलं पायजे. आठ दिस हायेत."

मी आत वाकून पाहिलं. कूलंटची पांढरी प्लास्टिकची बाटली मीच दहा वर्षांपूर्वी बसवलेली. होज पाइपांवर बाजारातल्या चकचकीत पट्टीच्या क्लिपा. पंख्यामागं कुणीतरी ओढलेल्या लाल-पिवळ्या वायरी. रेडिएटरवर तीनदा मारलेला काळा रंग, पापुद्रे सुटलेला. मी म्हटलं, मूळच्या तारेच्या क्लिपा आता कुठून आणायच्या? काकांनी पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या चारही क्लिपा, मूळचं झाकण, पाणी सोडायची पितळी चावी. प्रत्येक पुडीवर कोळशानं लिहिलेलं, कुठली वस्तू कुठची.  मी एकेक पुडी परत गुंडाळून ठेवली.

मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. प्रदर्शनवाल्यांचा फॉर्म. "हितं एक रकाना हाय बघ. मूळ नसलेले किंवा गहाळ भाग, आन कारन. तेवढं लिही. माजा हात कापतो."

"काय लिहू?"

"लिही. रेडिएटरवरची कंपनीची पितळी पाटी ड्रायव्हरच्या हयगयीनं हरवली."

 मी म्हटलं, "तुमच्या हयगयीनं? कशावरून?"

काका स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्याहून येताना चंदनापुरीच्या घाटाच्या माथ्यावर गाडी उकळली. पाणी कमी झालेलं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तशीच हळूहळू संगमनेरात आणून त्यांनी गाडी आमच्या दुकानात टाकली, दुरुस्त करून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसताना बघतात तो पाटी गायब. "उकळ्या पान्यानं कथील सुटलं आसंल आन पडली आसंल घाटात. मी दोन दिस घाट पायी धुंडाळला. खाली मान घालून. सापडली न्हाई. मग साहेबांना सांगितलं. साहेब एकच वाक्य बोलले. 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' बास. पुन्यांदा कधी इषय काडला न्हाई त्यांनी. मरताना गाडी मला दिली, पर त्ये वाक्य काय माघारी घेतलं न्हाई."

आता इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उकळत्या पाण्यानं कथील सुटत नाही. कथलाला त्याच्या जवळजवळ दुप्पट ताप लागतो. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. काकांनी त्या पस्तीस वर्षांत एकदा जरी मला किंवा वडिलांना विचारलं असतं, की उकळ्या पाण्यानं पाटी सुटते का हो, तर आमच्या तोंडून खरं निघालंच असतं. पण त्यांनी लाजेनं विचारलं नाही. आणि मी? मी समोर बसलो होतो, मला माहीत होतं, आणि तरी मी म्हणालो, "अजून आठ दिवस आहेत काका. फॉर्म नंतर भरू."

काकांनी कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. "नंतर तर नंतर. पर लिहायचं त्येच."

इतकी वर्षं मला वाटत होतं, काकांना माझा संशय आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. 'एक सोडून' म्हणताना ते माझ्याकडेच बघतात असं मला वाटायचं. संशय परवडला असता. त्यांनी स्वतःलाच दोषी धरलं होतं, आणि आता ते कागदावर लिहून पुण्याच्या लोकांसमोर उभे राहणार होते.

गाडी उकळली तेव्हा मी बावीस वर्षांचा घोडा होतो. वडील सामान आणायला नगरला गेले होते आणि दुकान माझ्या अंगावर होतं. काका गाडी टाकून गेले, संध्याकाळी नेतो म्हणाले. काम साधं होतं. रेडिएटरची वरची टाकी जाळीपासून सोडवायची, गळकी जागा कथलानं बुजवायची, टाकी परत बसवायची. वडिलांचा एकच नियम होता, रोज सांगायचे. ब्लो लॅम्पची ज्योत चारी बाजूंनी फिरवत राहा, कथील सगळीकडं पाणी झालं की टाकी आपण होऊन उठते. ती ओढायची नाही. पण त्या दिवशी आमच्या गावची यात्रा होती आणि चारला कुस्त्या लागणार होत्या. माझा सगळा जीव तिकडे. मी तीन बाजू तापवल्या, चौथीकडं स्क्रू ड्रायव्हर घातला आणि दिला झटका. तापलेलं पितळ बिस्किटासारखं असतं. टाकी कोपऱ्यापासून वरपर्यंत टर्रकन फाटली.

माझी पाचावर धारण बसली. साहेबांची गाडी! दुकानामागं एका मोडक्या टॅक्सीचा रेडिएटर पडला होता, ह्याच मापाचा, पण कंपनीचा नव्हे, बाजारातला. त्याची टाकी काढली, बसवली, हवा भरून हौदात बुडवून पाहिली, काळा रंग मारला. फाटलेली टाकी मोडीच्या पोत्यात तळाशी कोंबली. मोड म्हणजे तांब्या-पितळेचं भंगार; आमच्यात जुना भाग मिस्त्रीकडे राहतो, कुणी परत मागत नाही. काका आले, गाडी घेऊन गेले. कुस्त्या हुकल्या त्या हुकल्याच. आणि पाटी जुन्या टाकीवरच राहिली हे माझ्या टाळक्यात आठवड्यानं शिरलं. तेव्हा सांगायचं होतं. एक तर थोबाडीत बसली असती, नाहीतर दोन. मी सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी आईचा अंघोळीचा बंब गळायला लागला. तांब्याचा बंब, तिच्या लग्नातला. वडिलांनी ठिगळाला पितळ शोधायला मोडीचं पोतं उपडं केलं आणि ती टाकी त्यांच्या हातात आली. माझ्यासमोरच. त्यांनी फाटलेली कड बोटानं चाचपली, पाटी पुसून वाचली आणि विचारलं, "ही कुठली रे?" मी म्हणालो, माहीत नाही. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कात्रीनं पाटीसकट तेवढाच तुकडा कापला आणि बंबाला ठिगळ लावलं. कुठल्या बाजूला? नळाच्या अगदी वर, दर्शनी. म्हणजे बादली भरायला वाकलं की तोंडासमोर तीच. त्या दिवसापासून मी रोज सकाळी पाटी वाचत अंघोळीचं पाणी काढलंय. वडिलांनी एक शब्द विचारला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तर आता कामाला लागलो. रेडिएटर काढला आणि धुवायला घेतला, तर आतून पिवळा गाळच गाळ. वाटेत गळती लागली की मूठभर हळद आत टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा रामबाण उपाय. काकांनी टाकली होती. मी म्हटलं, "काका, एवढी हळद माझ्या लग्नात लागली नव्हती!" ते हसले. मी पण हसलो, आणि मग वर टॅक्सीची ती टाकी दिसली आणि माझं हसू बंद झालं.

हळद निघाली तशी जाळी चार ठिकाणी गळायला लागली. एकेक नळी शोधून बुजवली. आतला खारा थर खरवडण्यात दोन दिवस गेले, आपल्या बोअरच्या पाण्याची कृपा. प्लास्टिकची बाटली काढली, वायरी काढल्या. कापडाच्या विणीचा होज पाइप नाशिकहून मिळवला. तारेच्या क्लिपा रॉकेलमध्ये भिजवून घासल्या. टाकीवरचे रंगाचे थर उतरवले, आणि खाली पितळ उघडं पडलं. मूळ टाकीवर जिथं पाटी असते तिथं नुसतं गुळगुळीत पितळ होतं. कथलाचा एक ठिपका नाही. पाटी पडली असती तर खाली कथलाचा चौकोन राहिला असता. काका मागं उभे होते. त्यांनी वाकून बघितलं असतं तर त्यांच्यासारख्या माणसाला एका क्षणात कळलं असतं. मी घाईघाईनं त्यावर ओलं फडकं टाकलं आणि म्हणालो, "चहा सांगा की काका." ते टपरीकडे गेले. मला स्वतःचीच किळस आली.

त्या दुपारी मी घरी गेलो तो ब्लो लॅम्प घेऊनच. न्हाणीतला बंब अंगणात आणला. आई ऐंशीच्या पुढची, पण आवाज खणखणीत.

"अरे अरे, माझ्या बंबाला काय करतोस?"

"पाटी काढतोय."

"आणि मी अंघोळीचं पाणी कशात तापवू? त्या गिझरच्या पाण्यानं अंग शेकत नाही, सांगून ठेवते."

"आई, चार दिवस पातेल्यात तापव. नवं ठिगळ लावून देतो."

मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली वाहील. पण ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "शेवटी काढलीस म्हणायची."

मी वर बघितलं.

"ते जाताना मला सांगून गेले होते. बंब मोडीत घालायचा नाही, त्याच्यावर दुसऱ्याची वस्तू आहे. मी म्हटलं, कुणाची? म्हणाले, पोराला माहीत आहे."

मी ब्लो लॅम्प पेटवला आणि डोळ्यांत आलेलं पाणी त्याच्या धुराच्या नावावर खपवलं. ज्योत ठिगळाच्या कडेनं फिरवत राहिलो. चारी बाजूंनी. घाई केली नाही. कथील पाणी झालं, चमकलं, आणि ठिगळ आपण होऊन उठलं. मग पाटी त्यापासून वेगळी केली. दर दिवाळीला आई बंब चिंचेनं घासायची, त्यात पाटीही घासली जायची. अक्षरं बोथट झाली होती, पण नंबर वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी टाकीवर चढवली, पाटी झाकून भोवती काळा रंग दिला, रेडिएटर गाडीत बसवला. सगळं जोडून झालं तेव्हा मी लांब होऊन बघितलं. काळा रेडिएटर, तारेच्या क्लिपा, विणीचे पाइप, मधोमध पिवळीधमक पाटी. ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली असेल त्या दिवशी अशीच दिसली असेल. काम बघून कुणीही शाबासकी दिली असती.

काका आले. बॉनेट उघडलेलंच होतं. त्यांनी पाटी बघितली आणि हातातली पिशवी खाली पडली. बोट त्यांनी एकेका अक्षरावरून फिरवलं.

"कुटं... कुटं घावली रं?"

मी रात्रभर वाक्य घोकून ठेवलं होतं. "मोडीच्या जुन्या पोत्यात सापडली."

खोटं नव्हतं म्हणा. खरंही नव्हतं. काका पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चल. घाटात चढवून बघू. तापली तर हितंच कळंल, पुन्याच्या वाटंवर नगं."

भर दुपारी निघालो. नवा रस्ता सोडून काकांनी मुद्दाम जुनी घाटवाट धरली. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. मी शेजारी बसून तापाच्या काट्यावर नजर ठेवली होती. काटा अर्ध्यावर होता. पहिली वळणं गेली आणि काटा किंचित वर सरकला. जाळीला दिलेले कथलाचे चार डाग धरतील का? हळद काढून मी चूक तर केली नाही? गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढत होती. काका बोलायला लागले, रस्त्यावरची नजर न काढता.

"मोडीच्या पोत्यात घावली. म्हंजी ती घाटात पडलीच न्हवती."

मी काट्यावरची नजर हलवली नाही.

"तुमच्या दुकानात ऱ्हायली हुती. मग तुज्या बापाला दिसलीच आसंल न्हवं? एवढा बारीक नजरंचा मानूस. दिसून बी त्यानं मला सांगितलं न्हाई." ते थांबले. "लई सरळ समजत हुतो मी त्याला. जाऊ दे. मेल्या मानसाला काय बोलायचं."

काटा पाऊणपर्यंत चढला होता.  जो माणूस त्या दिवशी नगरला होता, ज्यानं मला उघडंही पाडलं नाही आणि सोडलंही नाही, त्याच्या माथी आता माझं पाप बसत होतं. अजून एक वळण गेलो असतो तर मी कायमचाच गप्प बसलो असतो, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

"काका, गाडी थांबवा."

"का? तापली?"

"थांबवा म्हणतो ना!" पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडलो.

गाडी कठड्यालगत उभी राहिली. मी सगळं सांगितलं. यात्रा, कुस्त्या, स्क्रू ड्रायव्हर, टॅक्सीची टाकी, मोडीचं पोतं, बंब. उकळ्या पाण्यानं कथील सुटत नाही हेही सांगितलं. वडिलांना मी खोटं बोललो तेही. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते समोर बघत होते.

"म्हंजी टाकी बी दुसऱ्याची?"

"हो."

"पस्तीस वर्सं मी टॅक्सीची टाकी पुसतोय?"

"हो काका."

ते दार उघडून उतरले. मला वाटलं आता हाणतील, आणि मी तयार होतो. पण ते कठड्यापाशी गेले आणि रस्त्याच्या कडेची खडी बघत उभे राहिले. पायानं एक दगड सरकवला. मग दुसरा. मी उतरलो पण जवळ जायची हिंमत होईना.

"ह्याच वळनावर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हितंच एक बाई शेळ्या वळत हुती. म्हनली, दादा काय हरवलं? मी म्हनलो, माजं नाव." त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं. "मूरख. म्या एकदा तरी इच्यारायचं हुतं तुमाला."

"मी सांगायचं होतं."

"तू तर सांगायचंच हुतं, भडव्या!" आवाज फाटला त्यांचा. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. "साहेब गेले ना रं! आता कुनाला सांगू मी?"

 

मग ते गाडीकडं आले. बॉनेट उचललं, वाकून जाळीवर हात फिरवला, पाइपांचे सांधे बघितले. कुठंही थेंब नव्हता. बॉनेट बंद केलं आणि खिशातून फॉर्म काढला. बॉनेट तापलेलं होतं म्हणून आधी आपलं पुसायचं फडकं त्यावर अंथरलं, आणि त्यावर कागद ठेवला.

"लिही."

मी लिहिलं. रकाना छोटा होता, ओळी खाली समासात गेल्या. लिहून झाल्यावर कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

"चष्मा न्हाई. वाच."

मी वाचलं. "वरची टाकी मूळची नाही. मूळ टाकी संगमनेरच्या रेडिएटर मिस्त्रीनं घाईत फाडली आणि लपवली. पाटी मूळची आहे. ती ड्रायव्हरनं हरवली नव्हती."

"शेवटचं पुन्यांदा."

"ती ड्रायव्हरनं हरवली नव्हती."

"मोठ्यानं वाच की. साहेब लई लांब गेलेत."

मी मोठ्यानं वाचलं. काका कठड्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मी पुन्हा वाचलं, अजून मोठ्यानं, पार घसा ताणून. समोरून कडब्याचा एक टेम्पो येत होता, तो आमच्याजवळ हळू झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं मिस्त्री, गाडी तापली काय?"

"न्हाई," काका डोळे न उघडता म्हणाले. "गाडी थंड हाय. तू वाच रं."